हॉरर, डॉक्युमेंट्री आणि संथ सिनेमा, सगळ्यांना एकच माप कसं लावायचं?

प्रश्न थोडक्यात असा: चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यातला एक तरुण वर्षभरापासून फेस्टिव्हलला गाजलेले, कमी बजेटचे सिनेमे पाहून त्यावर लिहून राहिला. तो विचारतो, "सिनेमे सगळ्या प्रकारचे असतात, त्यांना एकाच मापाने कसं मोजायचं? संथ सिनेमात बोर झालं तर तसं लिहायचं का? बक्षीस मिळालेल्या सिनेमाला नावं ठेवली तर लोक म्हणतात तुला समजलाच नाही. आणि आपल्या भागातला सिनेमा असला तर सांभाळून घ्यायचं का? 'स्थळ' पाहायला बहिणीला घेऊन गेलो होतो, ती इंटरव्हलनंतर आत आलीच नाही, म्हणजे सिनेमा फसला का?" सोबत त्याने 'स्थळ', 'तुंबाड' आणि 'अगेन्स्ट द टाइड' या तिघांवरची आपली परीक्षणं जोडली आहेत.

भाऊ, तिन्ही परीक्षणं दोन-दोनदा वाचली. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लग्नाचं शूटिंग करतो, वीस वर्षं झाली, आणि त्यातली चौदा वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत सिनेमावर लिहितो. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या खोलीत प्रोजेक्टर लावून, दिग्दर्शकाची मेलवर परवानगी घेऊन सिनेमा दाखवतो, तीस-चाळीस लोक येतात. एवढ्या अनुभवावर सांगतो, बाकी तुम्ही तुमच्या परीने ताडून पाहा.

तुम्ही मापाबद्दल विचारलं, पण मला अडचण दुसरीकडे दिसते. तुमच्या तिन्ही परीक्षणांत 'वास्तववादी', 'अस्सल', 'अप्रतिम छायाचित्रण' आणि 'संथ पण प्रभावी' हे शब्द जसेच्या तसे आहेत. एक सिनेमा लग्न जुळवण्याचा, एक भुताचा, एक मासेमारीवरची डॉक्युमेंट्री, आणि तिघांनाही तेच चार शब्द. सिनेमाचं नाव झाकलं तर ओळखू येणार नाही कोणत्या सिनेमावर लिहिलं. हे शब्द तुमचे नाहीत, तुम्ही लिहायच्या आधी दहा जणांचं वाचता आणि मग कोणी 'समजला नाही' म्हणू नये म्हणून त्यांच्याच आडोशाला लिहिता, असं मला वाटतं. मीही सुरुवातीची दोन-तीन वर्षं तेच केलं, म्हणून लवकर ओळखू आलं.

आता माप. तुम्ही कास्तकाराच्या घरचे, त्यामुळे हे तुम्हाला पटकन समजेल. कापूस केंद्रावर नेला की धाग्याची लांबी पाहतात, ओलावा पाहतात, ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि १२ च्या वर गेला तर गाडी परत. तूर नेली तर तिला धाग्याची लांबी कोणी विचारत नाही. सिनेमाचंही तसंच आहे, आधी हा माल कोणता ते ठरवा, म्हणजे सिनेमा पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत आपल्याला काय देतो म्हणून राहिला ते लिहून ठेवा, आणि मग ते दिलं का, कसं दिलं, कुठं हात आखडला ते पाहा. थ्रिलरने ताण देतो म्हटलं तर ताण मोजा. डॉक्युमेंट्रीने खरं दाखवतो म्हटलं तर ते खरं मिळवलं कसं ते विचारा. हे माप सिनेमातूनच निघतं, आपण घरून नेत नाही.

संथपणाबद्दल थोडं जास्त बोलतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच होतो. 'साबर बोंडं' तुम्ही पाहिला असेल, रोहन परशुराम कानवडेंचा, २०२५ ला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलमध्ये वर्ल्ड सिनेमा विभागाचं ग्रँड ज्युरी बक्षीस मिळालं तो. मुंबईत राहणारा आनंद वडील वारल्यावर दहा दिवसांसाठी गावी येतो आणि लहानपणीच्या मित्राशी, बाळ्याशी, त्याचं नातं उलगडत जातं. कॅमेरा हलत नाही, माणसं बसलेली असतात, शॉट लांबच्या लांब. आम्ही सहा जण गाडी करून नागपूरला गेलो होतो, त्यात माझी आत्या होती, सत्तरीच्या पुढची. मला वाटलं ती झोपेल. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सुतकात असंच असते, दिवस ढकलता ढकलत नाही, अन् त्याच्यातच माणसं एकमेकाशी खरं बोलतात." मी दोन हजार शब्द लिहिले असते तरी हे सापडलं नसतं. त्या सिनेमाचा वेग सुतकाच्या घरातला आहे, त्याला तो वेग लागतोच, कारण त्या दोघांना एकमेकांजवळ यायला तेवढाच रिकामा वेळ मिळतो.

पण याचा अर्थ प्रत्येक लांब शॉटला मान डोलवायची असा नाही. मी स्वतःला एक प्रश्न विचारतो, शॉट सुरू झाला तेव्हा मला जे माहीत होतं त्यात शेवटापर्यंत काही भर पडली का? एखादं माणूस वेगळं दिसायला लागलं का, एखादा आवाज आधी ऐकू येत नव्हता तो यायला लागला का, किंवा मी स्वतः कुठं दुसरीकडे पाहायला लागलो का. पडली असेल तर तो वेळ कारणी लागला. नसेल तर सरळ लिहा की इथं मला कंटाळा आला, पण कुठं ते लिहा, कोणत्या दृश्यापासून कोणत्या दृश्यापर्यंत. नुसतं 'बोर' लिहिलं तर वाचणाऱ्याच्या हातात काही येत नाही. आणि आपल्याकडच्या लोकांना धीर नाही, त्यांना संथ चालत नाही असं कोणी म्हटलं तर ते मला अजिबात मान्य नाही. तुमच्याच भागात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, वडसाच्या कंपन्या गावोगाव जातात, लोक थंडीत घोंगडी घेऊन पहाटेपर्यंत बसतात. रात्रभर बसणारा प्रेक्षक आहे हा. त्याला बसायला कारण लागतं, एवढंच.

यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून असतं हे मात्र कबूल केलं पाहिजे. दिवसभर वावरात राबून रात्री अकराला फोनवर सिनेमा लावला, मध्ये लाईट गेली, अर्धा दुसऱ्या दिवशी पाहिला, तर तो सिनेमा तुम्हाला तुटकच वाटणार. त्यात दिग्दर्शकाची चूक किती आणि महावितरणच्या वेळापत्रकाची किती हे तुम्हालाच वेगळं करावं लागेल. माझी एक चूक सांगतो. २०१८ ला 'तुंबाड' मी एका थिएटरात पाहिला आणि लिहिलं की रात्रीच्या दृश्यांत काहीच दिसत नाही, अंधाराचा अतिरेक झाला. २०२४ च्या सप्टेंबरात तो परत लागला तेव्हा दुसऱ्या शहरात चांगल्या पडद्यावर पाहिला. त्याच दृश्यांत कंदिलाच्या उजेडाचं वर्तुळ, भिंतीवरची ओल, पावसाचे थेंब सगळं वेगवेगळं दिसत होतं. पहिल्या थिएटरात प्रोजेक्टरचा उजेड कमी होता. ज्या माणसाचं पोटच उजेड मोजण्यावर चालतं त्याने एवढी चौकशी न करता पंकज कुमारच्या कॅमेऱ्याला दोष दिला, ते मला अजून टोचतं. पुढच्या पुरवणीत मी तसं लिहून दुरुस्ती केली. तेव्हापासून प्रत्येक परीक्षणात एक ओळ असते, कुठं पाहिला, कशावर पाहिला. फोनवर पाहायची वेळ आली तर निदान इयरफोन लावा, या सिनेमांत अर्धी गोष्ट आवाजात असते. टेलिग्रामवरची कॉपी घेऊ नका, छोट्या निर्मात्याचं त्यात नुकसान आहेच, वर रंग आणि सबटायटल बिघडलेले असतात, मग तुम्ही चुकीच्याच वस्तूवर मत देऊन बसता.

हॉररचं म्हणाल तर भीती वाटली का हा पहिला प्रश्न, पण घरी येऊन काय उरलं हा खरा. 'तुंबाड'मध्ये १९१८ पासून १९४७ पर्यंतची गोष्ट आहे, आणि दचकायच्या जागा विसरल्यावरही बापाकडून पोराकडे जाणारी हाव लक्षात राहते, शेताच्या हिश्श्यावरून कोर्टात गेलेली घरं ज्यांनी पाहिली त्यांना तर जास्तच. तुम्ही तुमच्या परीक्षणात हस्तर या राक्षसाच्या मेकअपवर चार ओळी लिहिल्या आणि हावेवर एकही नाही. थ्रिलरमध्ये मी फक्त एक हिशोब ठेवतो, कोणाला काय माहीत आहे आणि प्रेक्षकाला ते कधी कळतं. छत्रपाल निनावेंचा 'घात' नक्षलवादी, आदिवासी आणि पोलीस यांच्यामधला आहे, २०२३ ला बर्लिनच्या पॅनोरामा विभागात दाखवला गेला. तिथं कोण कोणाचा खबऱ्या याचा संशय हाच ताण आहे. तो पाहताना गोंधळलात तर आधी विचार करा, गोंधळ आपला आहे की त्या जंगलात राहणाऱ्या माणसाचाही तोच आहे. विनोदी सिनेमा एकट्याने पाहून लिहू नका. 'आत्मपॅम्फ्लेट'च्या वेळी मी कडेच्या खुर्चीवर बसून वहीत रेघा ओढत होतो, लोक कुठं हसले, कुठं एकटाच माणूस हसला, कुठं हसू मध्येच थांबलं. जातीचा विषय आला की हॉलमधलं हसू कसं बदलतं ते त्या रेघांवरून कळलं. ॲनिमेशन म्हणजे पोरांचं असं समजू नका. लॅटव्हियाचा 'फ्लो' ब्लेंडर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर बनला, त्यात एकही संवाद नाही, पुरात सापडलेली एक मांजर आहे, आणि २०२५ ला त्याला ऑस्कर मिळालं. ज्यांना सबटायटल वाचता येत नाही त्यांच्यासोबत पाहायला यासारखा सिनेमा नाही.

डॉक्युमेंट्रीवर मला थांबून बोलायचं आहे. काही वर्षांआधी बाहेरची एक टीम आमच्या भागात शेतकरी आत्महत्येवर शूटिंग करायला आली होती. गावाची ओळख आणि लाईट धरायला म्हणून मी त्यांच्यासोबत चार दिवस होतो. एका घरी बाई नवऱ्याच्या फोटोखाली बसून बोलली, बोलता बोलता रडली. शॉट झाल्यावर त्यांच्यातल्या एकाने मला सांगितलं, खिडकीतून मागे उजेड जास्त आला, तिला परत एकदा तेच बोलायला सांगा. मी सांगितलं. ती परत बोलली, आणि परत रडली. लाईट मीच धरला होता. त्या दिवसापासून कोणतीही डॉक्युमेंट्री पाहताना माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच असतो की हे कितव्यांदा आहे, आणि समोरच्या माणसाला नाही म्हणायची मोकळीक होती का.

म्हणून 'अगेन्स्ट द टाइड'वरचं तुमचं परीक्षण मला अपुरं वाटलं. सर्वनिक कौरचा हा सिनेमा मुंबईच्या दोन कोळी मित्रांचा, राकेश आणि गणेशचा. एक बापजाद्यांच्या पद्धतीने किनाऱ्याजवळ मासे धरणारा, दुसरा कर्ज काढून खोल समुद्रात मोठ्या बोटीने जाणारा. २०२३ ला सनडान्समध्ये त्याला खास ज्युरी बक्षीस मिळालं. तुम्ही समुद्राच्या दृश्यांचं कौतुक केलं, ते बरोबरच आहे. पण ती माणसं घरात बसून कर्जाचं बोलतात, मैत्रीत कडवटपणा येतो, आणि कॅमेरा हातभर अंतरावर आहे. हा विश्वास किती दिवसांनी कमावला असेल, कोणतं दृश्य सहज घडलं असेल आणि कोणत्या दृश्यात 'तुम्ही यावर बोला' असं सांगितलं असेल, हे विचारणं तुमचं काम आहे. उत्तर मिळालं नाही तरी प्रश्न लिहा. दिग्दर्शकावर आरोप करायला नाही, त्या घरात आपणही शिरलो म्हणून. आणि पऱ्हाटीवाल्याला हा सिनेमा परका वाटायचं कारणच नाही, किनाऱ्याजवळ राहायचं की कर्ज काढून खोल पाण्यात जायचं हा प्रश्न आपल्याकडे बोअरवेल आणि बियाण्याच्या रूपात रोजच असतो. हे नातं पुण्या-मुंबईचा लिहिणारा कदाचित पाहणार नाही, तुम्ही पाहू शकता आणि तुम्ही ते लिहिलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

बक्षिसांचं लवकर आटोपतो. बक्षीस म्हणजे मोजक्या लोकांच्या पॅनेलचं त्या वर्षीचं मत. पायल कपाडियाच्या 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाईट'ला २०२४ ला कान्समध्ये ग्रँड प्री मिळालं, ते तिथलं दुसऱ्या नंबरचं बक्षीस, पहिलं पाम दोर. त्याच वर्षी भारताकडून ऑस्करला पाठवायची वेळ आली तेव्हा इथल्या समितीने दुसरा सिनेमा निवडला. म्हणजे एकाच सिनेमावर दोन पॅनेलची दोन मतं, तर तिसरं तुमचं असायला काय हरकत आहे? फक्त कोणत्या फेस्टिव्हलचा कोणता विभाग तेवढं तपासून लिहा, कारण 'कान्सला गेला' या दोन शब्दांत मुख्य स्पर्धाही येते आणि डायरेक्टर्स फोर्टनाइटसारखा बाजूला वेगळा चालणारा विभागही येतो. पोस्टरवर फेस्टिव्हलच्या नावाभोवती काढलेल्या पानांच्या कमानी पाहून भुलू नका, फी भरली की दर महिन्याला बक्षीस वाटणारे ऑनलाइन फेस्टिव्हल भरपूर आहेत. सालही नीट लिहा. 'स्थळ' २०२३ ला टोरांटोत दाखवला गेला, तिथं आशियाई सिनेमाला देतात ते नेटपॅक बक्षीस मिळालं, आणि आपल्याकडे थिएटरात आला ७ मार्च २०२५ ला. तुम्ही तिन्ही गोष्टी एकाच वर्षात टाकल्या आहेत.

आता आपल्या भागातल्या सिनेमाला सांभाळून घ्यायचं का. नाही, पण आपल्याला जास्त दिसतं, तर जास्त सांगायचं. जयंत सोमलकरांनी 'स्थळ' तुमच्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावात केला, नट म्हणून तिथलीच माणसं घेतली. तुम्ही लिहिलं 'अस्सल बोली'. अस्सल म्हणजे काय? मी यवतमाळचा, माझी वऱ्हाडी आणि तुमच्याकडची बोली यात फरक आहे, काही शब्द मला थांबून ऐकावे लागले. तुम्ही तर त्या बोलीत वाढले, एखादा शब्द, एखादा हेल घेऊन सांगा की तो कुठं बरोबर बसला आणि कुठं पाठ केल्यासारखा वाटला. शहरातल्या परीक्षकाला ते जमणारच नाही. पेशाने नट नसलेल्या माणसाचा अभिनय कसा जोखायचा हेही तुम्ही विचारलं होतं. 'कोर्ट' या मराठी सिनेमातले नारायण कांबळे म्हणजे नागपूरचे वीरा साथीदार, चळवळीतला माणूस, ते अभिनय करतात असं वाटतच नाही. मी अशा वेळी बोलण्याकडे पाहत नाही, ऐकण्याकडे पाहतो. दुसरा बोलत असताना हा माणूस खरंच ऐकून राहिला का, की आपली पाळी यायची वाट पाहून राहिला. लग्नाच्या कॅसेटी एडिट करता करता ही सवय लागली, कॅमेरा आपल्यावर आहे हे कळलं की माणसाचं ऐकणं आधी बंद पडतं.

आणि 'स्थळ'मधला तो पाहण्याचा कार्यक्रम, तेच प्रश्न, तोच क्रम, नाव काय, शिक्षण काय, उंची किती, परत परत. तुम्ही याला 'पुनरावृत्तीचा दोष' म्हटलं. मला पहिल्या वेळी सविता दिसली, दुसऱ्या वेळी तिचा बाप दिसला, आणि नंतर मी फक्त विचारणाऱ्यांकडे पाहत होतो, कारण त्यांच्यासारखे लोक मी पाचशे लग्नांत कॅमेऱ्यात घेतले आहेत आणि कधी नीट पाहिले नव्हते. माझ्यासाठी ती पुनरावृत्तीच सिनेमा आहे. तुम्हाला दोष वाटत असेल तर माझ्या म्हणण्याने बदलू नका, पण कितव्या वेळी तुम्हाला काही नवं मिळणं बंद झालं ते लिहा.

लिहायची पद्धत माझी साधी आहे. गारपिटीनंतर तलाठी येतो तेव्हा आधी पंचनामा होतो, गट नंबर कोणता, पीक कोणतं, किती आडवं झालं, नुकसान किती टक्के ते त्यानंतर. सिनेमा पाहून आलो की त्याच रात्री, कोणाचंही काही न वाचता, मी दहा ओळी लिहितो, फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं. विशेषण एकही नाही. दुसऱ्या दिवशी मत. त्यानंतर नावं, सालं तपासणं, आणि दुसऱ्यांचं वाचणं सगळ्यात शेवटी. भाषा येत नसेल तर सबटायटलचं वाक्य पात्राचा संवाद म्हणून अवतरणात टाकू नका, ते भाषांतर आहे. स्टार मी देत नाही, कापसाला आणि तुरीला एकच भाव लिहिल्यासारखं होतं ते. पुरवणीवाले मागायचे, मी त्याऐवजी शेवटी एक ओळ देतो की हा सिनेमा कोणासोबत पाहावा. गोव्याच्या इफ्फीला, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, जायचं विचारलं होतं, तर तो नोव्हेंबरात असतो, तेव्हा तुमची कापसाची वेचणी आणि माझा लग्नाचा सीझन, मी इतक्या वर्षांत तीनदाच जाऊ शकलो. त्यावाचून काही अडत नाही, यातले बरेच सिनेमे वर्षा-दोन वर्षांत कुठल्या ना कुठल्या ॲपवर येतातच.

राहिली तुमची बहीण. इंटरव्हलनंतर ती आत आलीच नाही, हे तुम्ही प्रश्नात एका ओळीत टाकलं, आणि परीक्षणात ते कुठंच नाही. दीड पान छायाचित्रणावर आहे. भाऊ, त्या थिएटरात घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती होती. ती कंटाळून बाहेर बसली, का तिला पाहवलं नाही, का तिच्याच घरी मागच्या महिन्यात कोणी येऊन गेलं, हे तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही विचारलं नाही. विचारा. घाई करू नका, चहा पिता पिता विचारा, आणि ती सांगेल ते लिहायच्या आधी लिहू का म्हणूनही विचारा. ती नाही म्हणाली तर ते तिचंच राहू द्या. हो म्हणाली तर परीक्षण तिथून सुरू करा आणि मला पाठवा.